भत्त-वेतन, बलुते आणि आकाशवाणी : पारंपरिक वादकांच्या मोबदल्याचा ऐतिहासिक विचार

दीघनिकायातील एकतिसावे सुत्त ‘सिगालोवाद’ या नावाने आपल्या परिचयाचे आहे. गृहस्थाचा विनय सांगणारे सुत्त म्हणून ते विहारांतून नेहमी वाचले जाते. सहा दिशांना नमस्कार करीत उभ्या असलेल्या सिगालाला तथागतांनी त्या दिशांचा मानवी अर्थ समजावून दिला. त्यात अधोदिशा म्हणजे दास आणि कर्मकर. त्यांच्याप्रति मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : बळ पाहून काम सोपविणे, भोजन व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, उत्तम पदार्थांत वाटा देणे आणि वेळेवर सुटी देणे. यांतील दुसऱ्या कर्तव्यासाठी मूळ पाठात ‘भत्त-वेतन’ हा जोडशब्द आला आहे. भत्त म्हणजे भोजन आणि वेतन म्हणजे कामाचा ठरलेला मोबदला. दोन्ही शब्द शेजारी ठेवलेले आहेत. एकाच्या जागी दुसरा ठेवलेला नाही. जेवू घातले म्हणजे मजुरी फिटली, असा अर्थ या पाठातून काढता येत नाही.

आपल्या गावगाड्याने मात्र शतकानुशतके तोच अर्थ काढला, आणि त्याचा सर्वांत मोठा भार ज्यांच्यावर पडला त्यांत हलगी, डफ, सनई, संबळ वाजविणारे कलावंत होते. पुढे विसाव्या शतकात नभोवाणी आली. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या या संस्थेने वादकाशी लेखी करार केला आणि त्याच्या कलेला आकड्यात किंमत लावली. ही किंमत न्याय्य होती काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पाली साहित्यातील वादक

त्रिपिटक आणि अट्ठकथांत वादक, गायक व नट पुष्कळ ठिकाणी भेटतात. दीघनिकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख गंधर्व बेलुवपण्डु वीणा वाजवून गातो आणि त्याच्या वीणेचा स्वर गीताशी व गीत वीणेशी उत्तम जुळले, अशी दाद तथागत देतात. भेरिवाद जातकातील (क्रमांक 59) भेरीवादक उत्सवाची वार्ता ऐकून मुलासह वाराणसीला जातो आणि भेरी वाजवून पुष्कळ धन मिळवितो. शंखवादकाची अशीच कथा त्याच्या पुढच्या जातकात आहे. खेड्यातला वादक शहरातील उत्सवात जाऊन कमाई करतो, हे चित्र त्या काळच्या लोकांना अपरिचित नव्हते.

आपल्या विषयाला सर्वांत जवळची कथा गुत्तिल जातकाची (क्रमांक 243) होय. गुत्तिल हा वाराणसीच्या राजाचा वीणावादक. उज्जैनीचा मूसिल त्याच्याकडे शिकायला आला आणि गुत्तिलाने आचार्यमुष्टी न ठेवता आपली सारी विद्या त्याला दिली. शिक्षण संपल्यावर मूसिलाने राजसेवेची इच्छा दर्शविली. राजा म्हणाला, आचार्याला मिळते त्याच्या निम्मे तुला मिळेल. मूसिलाने ते नाकारले. जेवढे आचार्य जाणतात तेवढे मी जाणतो, तेव्हा मला वेतनही तेवढेच मिळाले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. राजाने सर्वांसमक्ष परीक्षा ठेवली, नगरात दवंडी पिटविली, आणि सातव्या दिवशी मूसिल हरला.

कृतघ्न शिष्याची निंदा करण्यासाठी ही कथा सांगितली जाते, आणि परंपरेने तिचा तोच अर्थ घेतला आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातील एक बाजू नजरेआड करू नये. समान विद्येला समान वेतन हे तत्त्व राजाने फेटाळले नाही. समानता सिद्ध कर, एवढेच तो म्हणाला. शिवाय ती परीक्षा जाहीर होती. तिचा दिवस, तिचे स्थळ व तिचा निकाल साऱ्या नगराला ठाऊक होता. मूसिलाचा दोष आचार्याशी केलेल्या वर्तनात आहे. बरोबरीचे वेतन मागण्यात तो नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही राजसेवकांच्या वेतनांची यादी आहे. तीत कुशीलवांना 250 पण आणि तूर्यकरांना त्याच्या दुप्पट वेतन सांगितले आहे. म्हणजे प्राचीन भारतात वादकाचे वेतन आकड्यात मांडण्याची रीत होती. मग मधल्या काळात हा आकडा कोठे गेला?

बलुते : आकड्याविना सेवा

याचे उत्तर गावगाड्यात आहे. पुणे शहराच्या नैर्ऋत्येस सिंहगडाच्या वाटेवर असलेले धायरी हे हवेली तालुक्यातील जुने गाव. 2017 साली ते पुणे महानगरपालिकेत पूर्णपणे समाविष्ट झाले. आज तेथे इमारतींची दाटी आहे. परंतु पश्चिम महाराष्ट्रातील अशा प्रत्येक गावाची पूर्वीची रचना बलुत्यावर उभी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ती रचना बारकाईने नोंदविली आहे. देवळात गुरवाचे वाद्य, लग्नाच्या वरातीपुढे व गावच्या जत्रेत मांग आणि होलार बंधूंचे डफ, हलगी, सनई, हा परिपाठ होता. सुगीच्या वेळी खळ्यावरचे धान्य, सणाला वाढलेले अन्न, लग्नात दिलेले जुने वस्त्र, हा त्याचा मोबदला. किती तास वाजविले, किती मैल चालत गेले, याचा हिशेब नव्हता. हिशेब मागणे हाच उद्धटपणा समजला जाई.

याच सिंहगडावर 1670 साली तानाजी मालुसरे पडले आणि त्या प्रसंगाचा पोवाडा तुळशीदास शाहिराने रचला. दरबारी शाहिराला तोडे, घोडे मिळाल्याच्या कथा आपण ऐकतो. राजाची मर्जी आणि गावाची मर्जी यांत द्रव्याचे अंतर मोठे असेल. तत्त्वाचे अंतर फारसे नाही. दोन्हीकडे देणारा आपल्या खुशीने देतो आणि घेणाऱ्याला मागण्याचा हक्क नसतो.

हा हक्क नाकारण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1936 च्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या आपल्या प्रबंधात दिला आहे. 1928 च्या जानेवारीतील वृत्तपत्रीय वार्तेच्या आधारे त्यांनी इंदूर भागातील बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या अटी नोंदविल्या. उंची वस्त्रे नेसू नयेत, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, अशा अटींबरोबरच दोन अटी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. हिंदूंच्या प्रत्येक लग्नात बलायांनी वाद्ये वाजविलीच पाहिजेत, ही एक. आणि सेवेचा मोबदला न मागता जे मिळेल ते स्वीकारले पाहिजे, ही दुसरी. हे मान्य नसेल तर गाव सोडावे, असे पुढे बजावलेले होते.

या दोन अटी एकत्र वाचल्या म्हणजे वादनाच्या प्रश्नाचे खरे स्वरूप कळते. वाजविण्याची सक्ती आणि मोबदला मागण्याची बंदी ही एकाच बेडीची दोन कडी आहेत. म्हणूनच बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची आणि वतनदाराची कामे निश्चित करण्याची तरतूद होती. ते विधेयक संमत होऊ शकले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. तथापि रोख रक्कम आणि ठरलेले काम हे सूत्र 1928 मध्येच मांडले गेले होते. पुढे मजूरमंत्री या नात्याने त्यांनी 11 एप्रिल 1946 रोजी किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्याचे मूळही याच विचारात आहे. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरविली. 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी देऊन काम करवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय, असा निर्वाळा दिला.

आकाशवाणीचा करार

23 जुलै 1927 रोजी मुंबईत खाजगी कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याच वर्षाच्या 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या समाजाने पाण्याचा हक्क बजावला होता. कंपनी बुडाल्यावर 1930 मध्ये सरकारने प्रसारण हाती घेतले आणि 1936 साली त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. नागपूर केंद्र 1948 मध्ये, तर पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. स्वातंत्र्य, समता व बंधुता हे आपले जीवनतत्त्व आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतले आहे, असे बाबासाहेबांनी 3 ऑक्टोबर 1954 च्या ज्या भाषणात सांगितले, ते याच आकाशवाणीवरील भाषण होते.

आकाशवाणीने कलावंताला पत्र पाठवून बोलाविले, वेळ ठरविली, कार्यक्रमाची मिनिटे ठरविली, फी लिहिली आणि त्याची सही घेतली. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु ज्याच्या पूर्वजांना खळ्यावर हात पसरून उभे राहावे लागले, त्याच्या दृष्टीने कागदावरचा आकडा ही क्रांती होती. धायरीपासून शिवाजीनगरचे पुणे केंद्र दहा-बारा किलोमीटरवर आहे; पण खळ्यापासून करारापर्यंतचे अंतर त्याहून फार मोठे होते. म्हणून आकाशवाणीवर टीका करताना तिचे हे ऋण आधी मान्य केले पाहिजे.

त्यानंतर मात्र दुसरा प्रश्न येतो. हा आकडा ठरविला कोणी आणि कोणत्या मापाने?

श्रेणीचे माप

1946 साली अंतरिम सरकारात प्रसारण खाते सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे होते. ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशांना नभोवाणीवर घेऊ नये, असे धोरण त्या वेळी स्वीकारले गेले. याचा आघात मुख्यतः पिढीजात गाणाऱ्या स्त्रियांवर झाला. ज्या समाजरचनेने त्यांना विवाहाची प्रतिष्ठा नाकारली, तिच्याच मापाने त्यांची कला मोजली गेली. त्याआधी 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी आली होती आणि ती सुमारे तीन दशके टिकली. शास्त्रीय गायनाच्या शुद्धतेसाठी केलेला हा नियम सुगम व लोकसंगीताच्या साथीदाराची भाकरीही घेऊन गेला, हे क्वचितच नोंदविले जाते.

1952 ते 1962 या काळात मूळचे पुण्याचे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व प्रसारण मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत ध्वनिचाचणीची पद्धत रूढ झाली. शास्त्रीय संगीतासाठी मध्यवर्ती मंडळ नेमले गेले आणि पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखे विद्वान त्याच्याशी निगडित होते. कलावंताला श्रेणी मिळे आणि श्रेणीवरून फी ठरे. अनेक नामवंतांनी या पद्धतीला विरोध केला. तरीही तिची चांगली बाजू विसरता कामा नये. परीक्षकाने कलावंताचे कूळ न पाहता केवळ ध्वनी ऐकावा, हा तिचा हेतू होता. ज्या देशात माणसाची सावलीही मोजली जात होती, तेथे केवळ स्वर ऐकून निर्णय करणे ही समतेच्या दिशेने टाकलेली पायरीच होती.

उणीव राहिली ती मापाच्या निवडीत. शास्त्रीय संगीताचे माप रागाची शुद्धता आणि घराण्याची शिस्त यांवरून घडले. हलगीची तालीम, संबळाचे बोल, सनईचा दम यांनाही शिस्त आहे. ती मुलगा बापाजवळ बसून वर्षानुवर्षे शिकतो. पण ‘लोकसंगीत’ या शीर्षकाखाली ही विद्या निसर्गतः येणारी, म्हणून कमी मोलाची, असे गृहीत धरले गेले. जो शिकला तो पंडित आणि ज्याच्या घरी ती विद्या आहे तो केवळ परंपरागत, हा भेद वर्णव्यवस्थेचाच अवशेष होय. गुत्तिलाच्या गोष्टीतील राजाने निदान दोन्ही वीणा एका मंडपात ऐकल्या. येथे तर मंडपच वेगळे राहिले.

पुणे केंद्राचा लौकिक 1955 सालच्या रामनवमीपासून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ने वाढला. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या त्या 56 गीतांनी घराघरांत नभोवाणी पोहोचविली. त्यानंतर 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने याच केंद्राने शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि आपली मते केंद्राला कळवीत. खेड्यातील माणसाच्या मताला सार्वजनिक संस्थेने विचारल्याचे हे आद्य उदाहरण होय. शेतकऱ्याला बियाण्याविषयी विचारले गेले. त्याच गावातील वादकाला फीविषयीही असेच विचारले पाहिजे, हा विचार मात्र त्या काळी रुजला नाही.

नोकरीतील कलावंतांनी आपला प्रश्न न्यायालयात नेला. ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणून करारावर राबणाऱ्यांना सरकारी सेवकाचे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये मान्य केले. दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांना फिल्म्स डिव्हिजनमधील समान कामाच्या कर्मचाऱ्यांइतके वेतन मिळावे, असा निर्णय 1988 मध्ये झाला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व प्रसारण संस्थेच्या दारापर्यंत आले. परंतु वर्षातून क्वचित बोलावणे येणारा पारंपरिक वादक सेवक नसतो. त्यामुळे हे संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दिवसाची मजुरी बुडवून, वाद्य पाठीवर घेऊन तो शहरात येतो. फी मोजली जाते ती ध्वनिक्षेपकासमोरच्या मिनिटांची.

पुन्हा वाजणारा स्वर

बलुत्याच्या काळी वादन संपले की स्वरही संपत असे. ध्वनिमुद्रणाने ही स्थिती बदलली. एकदा वाजविलेली सनई दहा वर्षांनी पुन्हा ऐकू येते, मग ती ऐकविणाऱ्याचे देणे कोणते?

1957 च्या कॉपीराइट कायद्याने कवी आणि संगीतकार यांना हक्क दिले; सादर करणाऱ्याला काही दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1978 साली देव आनंद यांच्या प्रकरणात कलावंताच्या सादरीकरणाला या कायद्याचे संरक्षण नाही, असे ठरविले. 1994 ची दुरुस्ती 10 मे 1995 पासून अंमलात आली आणि सादरकर्त्याचा हक्क प्रथमच मान्य झाला. त्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांचाही नामोल्लेख आहे. ज्या भटक्या जमातींना ब्रिटिश कायद्याने जन्मजात गुन्हेगार म्हटले, त्यांच्यातील कलावंतांना येथे हक्कदार म्हटले गेले. ही नोंद आपल्या अभ्यासकांनी जपून ठेवावी अशी आहे. 2012 च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगासाठी मानधनाचा हक्क आणि सादरीकरणाबरोबर नाव येण्याचा हक्क दिला.

पण यात दोन फटी आहेत. पहिली अशी की, पारंपरिक चालीला नोंदलेला कर्ता नसतो, म्हणून संगीतकाराचा वाटा कोणालाच जात नाही. ज्या समाजाने ती चाल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली तो कायद्याच्या दृष्टीने अनामिक राहतो. दुसरी फट अधिक सूक्ष्म आहे. कलावंताच्या प्रसारणविषयक हक्कातून आधीच प्रसारित झालेले सादरीकरण कायद्याने वगळले आहे. म्हणजे नभोवाणीवरील पुनःप्रसारणाचा प्रश्न अखेर सही केलेल्या कराराच्या मजकुरावर येऊन थांबतो. ज्याला तो मजकूर वाचता येत नाही किंवा वाचण्याची सवड दिली जात नाही, त्याचा हक्क सहीबरोबरच संपतो.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले तर गीतकाराला मोबदला मिळतो, गायक-वादकाला मिळत नाही. याउलट ब्रिटनमध्ये 1893 साली स्थापन झालेल्या वादकांच्या संघटनेच्या दबावामुळे बी.बी.सी.ने किती तास ध्वनिमुद्रिका वाजवाव्यात यावर अनेक दशके मर्यादा होती. प्रत्यक्ष वादकांचे काम टिकावे हा तिचा हेतू होता. तेथे वादक संघटित होते. आपल्याकडे वादक जातीजातींत विभागलेले राहिले आणि एका जातीचा वादक दुसऱ्याच्या फीसाठी उभा राहिला नाही. श्रमविभागणीबरोबरच श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांचे निदान येथे तंतोतंत लागू पडते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच समाजातून येतो. गावकीची कामे सोडणे हा आपल्या मुक्तीचा मार्ग होता. मग लादलेल्या वादनाचा कैवार कशासाठी घ्यावा? याचे उत्तर बलायांवरील त्या अटींतच आहे. सोडायची होती ती सक्ती आणि मुकाट्याने स्वीकारण्याची लाचारी. ज्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य आहे आणि किंमत सांगण्याचा अधिकार आहे, त्याच्या हातातील हलगी ही गुलामीची खूण राहत नाही. ज्याने ती कायमची खाली ठेवली त्याचा निर्णय जितका सन्मान्य, तितकाच स्वेच्छेने व योग्य मोबदला घेऊन वाजविणाऱ्याचाही. जलशाच्या परंपरेने, भीमराव कर्डकांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत, वाद्याला चळवळीचे साधन बनविले, हे आपण जाणतोच.

दुसरा आक्षेप धम्माच्या नावाने घेतला जातो. नृत्य, गीत, वाद्य यांपासून विरत राहण्याचे शिक्षापद असताना बौद्धांनी वादकाच्या वेतनाची चिंता का करावी? हे शिक्षापद श्रामणेरांसाठी आणि उपोसथ पाळणाऱ्या उपासकांसाठी आहे. अंगुत्तरनिकायात उपासकाने वर्ज्य करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. त्यांत वादन नाही. तालपुट नटाला तथागतांनी दिलेला इशारा लोकांचे राग, द्वेष व मोह चेतविणाऱ्या कलेबद्दल आहे. तो कलावंताला विवेक शिकवितो. त्याचे वेतन बुडविण्याची मुभा कोणालाही देत नाही.

उपसंहार

वरील विवेचनातून जे हाती येते ते थोडक्यात असे. सार्वजनिक प्रसारणात पारंपरिक वादकाची फी ठरविताना शास्त्रीय व लोकसंगीत यांच्या श्रेणींना एकच मोल असावे, आणि लोकवाद्याच्या परीक्षक मंडळात त्या वाद्याचे जाणकार वादक असावेत. प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा विचार फीमध्ये व्हावा. पुनःप्रसारणाचा वाटा करारात स्पष्ट लिहावा आणि तो करार मराठीत, सहीपूर्वी वाचून दाखवावा. प्रत्येक वेळी मुख्य गायकाबरोबर हलगीवाल्याचे, सनईवाल्याचेही नाव उच्चारले जावे. या मागण्यांत दयेचा अंश नाही.

आपल्या विहारांतून आणि संस्थांतूनही जयंतीला, वर्षावासाच्या समारोपाला, धम्मपरिषदांना वादक-गायक बोलाविले जातात. त्यांना आधी आकडा सांगतो काय, की कार्यक्रम संपल्यावर हातात पाकीट ठेवून जेवणाच्या पंगतीकडे बोट दाखवितो, हे प्रत्येक कार्यकर्त्याने तपासून पाहावे. शासनाकडे भत्त-वेतनाची मागणी करणाऱ्याच्या स्वतःच्या हिशेबाच्या वहीत वादकाच्या नावापुढे आधी ठरविलेली रक्कम लिहिलेली असली पाहिजे. सिगालाला सांगितलेला विनय प्रथम गृहस्थाच्या घरापासूनच सुरू होतो.